निर्णय बेटाचा, तिजोरी दुसऱ्याची: ‘मुक्त सहयोगा’ची पार्श्वभूमी

दक्षिण पॅसिफिक महासागरातल्या कुक आयलंड्स या बेटांना द्यायचे 1 कोटी 82 लाख न्यूझीलंड डॉलर न्यूझीलंडने रोखून धरल्याची बातमी जून 2025 मध्ये बाहेर आली. दोनच महिन्यांनी, 4 ऑगस्टला, त्या बेटांच्या स्वराज्याला 60 वर्षं पूर्ण झाली. पैसे रोखण्याचं कारण म्हणजे कुक आयलंड्सने फेब्रुवारीत चीनशी केलेला करार. न्यूझीलंडची तक्रार होती की आम्हाला नीट विचारलं नाही. बेटांचं उत्तर होतं की असे करार करणं आमच्या अधिकारात आहे. दोन्ही बाजू आपापल्या बाजूने एकाच शब्दाचा आधार घेतात, ‘मुक्त सहयोग’. हा शब्द समजून घेतल्याशिवाय हे भांडण समजत नाही.

डिसेंबर 1960 मध्ये, लागोपाठच्या दोन दिवशी, संयुक्त राष्ट्रसंघात दोन ठराव झाले. पहिल्याने (क्रमांक 1514) सांगितलं की राजकीय, आर्थिक, सामाजिक किंवा शैक्षणिक तयारी अपुरी आहे हे स्वातंत्र्य लांबवण्याचं निमित्त होऊ शकत नाही. दुसऱ्याने (1541) पारतंत्र्यातून बाहेर पडायच्या तीन वाटा दिल्या: पूर्ण स्वातंत्र्य, दुसऱ्या देशात विलीनीकरण आणि या दोहोंच्या मधला मुक्त सहयोग. मधल्या वाटेच्या अटी चांगल्या होत्या. लोकांनी ती समजून-उमजून निवडावी, त्यांची घटना त्यांनीच ठरवावी, आणि पुढे कधी मन बदललं तर नातं बदलण्याची मोकळीक त्यांना असावी. पैशाबद्दल मात्र त्या कलमात एक अक्षर नाही. खर्च कोण देणार, किती वर्षं, आणि देणाऱ्याने हात आखडला तर काय, यावर काहीच लिहिलेलं नाही. पुढचे बहुतेक वाद या कोऱ्या जागेतून उगवले आहेत असं माझं मत आहे.

कुक आयलंड्सने 1965 मध्ये ही वाट धरली. स्वतंत्र सार्वमत झालं नाही. एप्रिलमध्ये निवडणूक झाली, संयुक्त राष्ट्रसंघाचे निरीक्षक हजर होते, आणि नव्या विधिमंडळाने घटना स्वीकारली. लोकांचं न्यूझीलंडचं नागरिकत्व तसंच राहिलं. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहारांची ‘जबाबदारी’ न्यूझीलंडकडे राहील, असं न्यूझीलंडच्या कायद्यात लिहिलं गेलं. घोडं अडलं ते इथे. जबाबदारी म्हणजे अधिकार, की मागितल्यावर मदतीला धावून जाण्याचं कर्तव्य? 1973 मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी पत्रं लिहून खुलासा करायचा प्रयत्न केला. बेटांच्या स्वराज्याला कायद्याची आडकाठी नाही, पण नागरिकत्व सामायिक आहे तोवर मूल्यंही जुळती असावीत, असा त्याचा मथितार्थ. गाठ सुटायच्या ऐवजी तिला आणखी एक पीळ पडला. 1988 मध्ये न्यूझीलंडनेच जाहीर केलं की यापुढे आपण केलेले आंतरराष्ट्रीय करार कुक आयलंड्स आणि निउए (न्यूझीलंडशी असंच नातं असलेलं दुसरं छोटं बेट) यांना आपोआप लागू होणार नाहीत. 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने कुक आयलंड्सची करार करण्याची क्षमता मान्य केली. 2001 च्या संयुक्त घोषणापत्राने मैत्री, सल्लामसलत आणि सहकार्याची भाषा केली. 2025 मध्ये दोघंही बोट ठेवत होते ते याच कागदांवर, फक्त वेगवेगळ्या ओळींवर.

पैशाची बाजू कागदांपेक्षा साधी आहे आणि कठोरही. सामायिक नागरिकत्वाचं दार उघडं, त्यात 1970 च्या दशकात विमानतळ आले, आणि माणसं जाऊ लागली. निउएमध्ये 1966 साली 5,000 हून जास्त लोक होते. आज जेमतेम 1,600–1,700 उरलेत. 1990 च्या दशकात कुक आयलंड्सचं सरकार कर्जात बुडालं, निम्म्याहून अधिक सरकारी नोकऱ्या गेल्या, आणि घरंच्या घरं उठून ऑकलंडला गेली. बेटांवर ‘परावलंबी’ असा शिक्का मारणाऱ्यांनी हा हिशेबही मांडायला हवा, कारण या माणसांच्या हातांवर न्यूझीलंडचे कारखाने चालले.

न्यूझीलंडच्याच अखत्यारीतल्या टोकेलाऊचं उदाहरण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. तीन प्रवाळबेटं, सुमारे 1,500 माणसं, विमानतळ नाही. सामोआतल्या आपियाहून बोटीने दिवसभराहून जास्त प्रवास. फेब्रुवारी 2006 मध्ये मतपेट्या आपियातून निघून बेटामागून बेट फिरल्या. प्रश्न मुक्त सहयोगाचा. बाजूने 349, विरोधात 232. साधं बहुमत सहज मिळालं, पण दोन तृतीयांशांची अट बेटांच्या परिषदेनेच घातली होती. ऑक्टोबर 2007 मध्ये पुन्हा मतदान झालं: 446 विरुद्ध 246. 16 मतं कमी पडली. न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या सहा-सात हजार टोकेलाऊवासीयांना मत नव्हतं, पण बेटावरच्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी तिकडे होतं आणि नातं सैल झालं तर बोट, दवाखाना, शाळा यांचं काय होईल ही धास्ती खरी होती. अट अन्यायाची होती का, यावर अजून मतभेद आहेत. मला वाटतं, इतक्या लहान समाजात पस्तीस-चाळीस टक्के मतदारांना मागे टाकून पुढे जायचं नाही, हा निर्णय समंजस होता. आर्थिक तयारीचं निमित्त पुढे करू नका असं 1960 च्या ठरावाने सत्ताधाऱ्यांना बजावलं होतं. इथे ती काळजी लोक स्वतःच वाहत होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या, स्वशासन नसलेल्या 17 प्रदेशांच्या यादीत टोकेलाऊ आजही आहे.

पूर्ण स्वातंत्र्याची वाटही सोपी नव्हती. नाऊरू हे पॅसिफिकमधलं छोटं बेट 1968 मध्ये स्वतंत्र झालं ते फॉस्फेटच्या जोरावर. साठा सरत गेला, गुंतवणुका बुडाल्या, आणि 2001 पासून ऑस्ट्रेलियाकडे आश्रय मागणाऱ्यांना ठेवून घेणं हे उत्पन्नाचं साधन बनलं.

उत्तर पॅसिफिकमध्ये तोच शब्द अमेरिकेने वेगळ्या अर्थाने वापरला. मार्शल बेटांवर 1946 ते 1958 या काळात तिने 67 अणुस्फोट केले होते. 1986 मध्ये मार्शल बेटं आणि मायक्रोनेशिया, आणि 1994 मध्ये पलाऊ, अमेरिकेच्या मुक्त सहयोगात आले. ही तिन्ही राष्ट्रं संयुक्त राष्ट्रसंघाची सदस्य आहेत. कुक आयलंड्स नाही. पलाऊच्या घटनेत अण्वस्त्रांना मनाई होती आणि ती शिथिल करायला 75 टक्के मतं लागत. करार पुन्हा पुन्हा मतदानाला आला, बहुमत मिळायचं, 75 टक्के नाही. शेवटी 1992 मध्ये घटना बदलून कराराच्या मंजुरीसाठी साधं बहुमत पुरेसं ठरवलं, आणि पुढच्या वर्षी करार 68 टक्क्यांनी मंजूर झाला. मार्च 2024 मध्ये या तीन देशांसाठी 20 वर्षांचे सुमारे 7.1 अब्ज डॉलर अमेरिकेने मंजूर केले. या रकमेला सगळीकडे ‘मदत’ म्हणतात. तिच्या बदल्यात दुसऱ्या कोणत्याही देशाच्या सैन्याला या बेटांपासून आणि त्यांच्या समुद्रापासून दूर ठेवण्याचा हक्क अमेरिकेला मिळतो, म्हणून मी तिला भाडं म्हणतो.