तुरुंगाच्या दाराशी बसून केलेली मोजणी

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, ही म्हण कैद्यांवरच्या चर्चेत हमखास येते. तिच्या मदतीला आकडाही असतो: अमेरिकेत सुटलेल्या तिघांपैकी दोघे पुन्हा पकडले जातात. आकडा खोटा नाही. २००५ साली ३० राज्यांतून सुटलेल्या कैद्यांचा सरकारने माग ठेवला, तेव्हा तीन वर्षांत ६७.८ टक्के लोकांना पुन्हा अटक झाली होती. शेजारी नॉर्वेचे वीसेक टक्के ठेवले जातात. तिथे मात्र दोन वर्षांत पुन्हा शिक्षा झालेले मोजतात. अटक आणि शिक्षा एकाच तराजूत कशी तोलणार? पण ते राहू द्या. मला मोजणीतली दुसरीच गंमत सांगायची आहे.

दहा माणसं घ्या. आठ जण एकदाच तुरुंगात गेले, सुटले आणि परत तिकडे फिरकले नाहीत. उरलेले दोघे सराईत, प्रत्येकी सहा वेळा आतबाहेर. आता दाराशी वही घेऊन बसा. आठ जणांच्या सुटका ८, दोघांच्या १२, एकूण २०. यातल्या किती सुटकांनंतर माणूस परत आला? सराईतांच्या पहिल्या पाच-पाच, म्हणजे १०. वही म्हणते, ५० टक्के परततात. माणसं मोजली तर? दहातले दोन, २० टक्के!

आणखी मजा पाहा. समजा, दहाही जण प्रत्येकी दोनदा आत गेले. सुटका पुन्हा २०, परती पुन्हा १०. वहीत तेच ५० टक्के, पण इथे परतला प्रत्येक जण. माणशी सरासरी सुटका 'स' धरल्या, तर वहीतलं प्रमाण १ − १/स एवढंच निघतं. कोण किती वेळा आला, हे त्या सूत्रात उरतच नाही.

कुठल्याही एका वर्षी सुटलेल्यांची यादी अशा वहीसारखीच वागते, कारण वारंवार येणारा तिच्यात सापडण्याची शक्यता जास्त. बस नेहमी भरलेली असते असं प्रवाशांना वाटतं. रिकाम्या बसमध्ये तक्रार करायला कोणी नसतंच. संशोधक विल्यम ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकी नोंदींतून वारंवार येणाऱ्यांचा हा जादा भार काढून टाकला. तेव्हा तिघांपैकी साधारण दोघे तुरुंगात कधीच परतत नाहीत, असं दिसलं.

'गुन्हेगार जन्मतःच तसा असतो' हे खूळ मात्र जुनं आहे. १८७६ मध्ये इटालियन डॉक्टर लोम्ब्रोसोने ते कवट्या आणि जबडे मोजून मांडलं. १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या तुरुंगांत डॉक्टर असलेल्या चार्ल्स गोरिंगने सुमारे ३००० कैद्यांची मापं इतर लोकांच्या मापांशी ताडून पाहिली, आणि गुन्हेगारांचा असा वेगळा शरीरप्रकार काही सापडला नाही. आता कवटीच्या जागी संगणकाने काढलेले 'धोक्याचे गुण', म्हणजे कोण पुन्हा गुन्हा करेल याच्या अंदाजाचे आकडे, आलेत. ते बहुतेकदा मागच्या अटकांवरच बेतलेले असतात, तरी त्यांचा तोरा भविष्यवेत्त्याचा.

आता सुधारणेकडे या. समजा, त्या आठांपैकी चौघांना न्यायाधीशांनी तुरुंगात न धाडता देखरेखीखाली घरीच ठेवलं, आणि ते नीट वागलेही. सुटका उरल्या १६, परती त्याच १०. वहीतलं प्रमाण ५० वरून ६२.५ टक्क्यांवर चढलं. गुन्हा एकही वाढलेला नाही, चार माणसं तुरुंगाबाहेर राहिली, आणि उद्याच्या बातमीचा मथळा असेल: 'सुधारणा फसली'.