कर्तीसवरती कोण? विज्ञान कादंबरीतल्या बायकांची पार्श्वभूमी

विज्ञान कादंबरीतली खंबीर नायिका म्हटली की हल्ली अंतराळवेश घातलेली, हातात शस्त्र घेतलेली बाई डोळ्यांसमोर येते. हे चित्र बरेच अलीकडचे आहे आणि ते बहुतेक सिनेमाने दिलेले आहे. कादंबरीत प्रश्न शस्त्राचा नव्हता. मराठीत त्यासाठी नेमका शब्द आहे : कर्तीसवरती. गोष्टीचा पेच सुटताना निर्णय कोणाचा चालला, एवढेच बघायचे. कसोटीही सोपी आहे. त्या बाईला गोष्टीतून उचलून बाजूला ठेवा आणि शेवट तसाच होतो का ते पाहा. तसाच होत असेल तर ती शोभेपुरती होती.

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात, जुन्या मराठी घरांच्या कपाटांत ज्यूल व्हर्न हा फ्रेंच लेखक सापडतो तो बहुधा भा. रा. भागवतांच्या मराठीत. भागवतांचा जन्मही इंदूरचाच, १९१०चा. त्यांच्या ‘चंद्रावर स्वारी’ आणि ‘समुद्र सैतान’वर दोन-तीन पिढ्या वाढल्या. या कादंबऱ्यांना ती कसोटी लावायला गेले तर बाजूला ठेवायला बाईच सापडत नाही. व्हर्नच्या चंद्राकडे सोडलेल्या तोफगोळ्यात तीन पुरुष, दोन कुत्री आणि काही कोंबड्या. कॅप्टन नेमोच्या पाणबुडीत एका स्त्रीचे चित्र तेवढे भिंतीवर. विज्ञान म्हणजे पुरुषांची मोहीम, असा त्याचा हिशेब होता.

मात्र व्हर्नच्याच ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या १८७३च्या कादंबरीत एक बाई आहे आणि तिचे सासर माळव्याच्या शेजारी, बुंदेलखंडात आहे. औदा, म्हाताऱ्या राजाची विधवा. तिला सती घालायला नेतात आणि ऐंशी दिवसांत पृथ्वी फिरून येण्याची पैज लावलेल्या फॉगचा नोकर मेलेल्या राजाचे सोंग घेऊन तिला चितेवरून उचलून आणतो. इथपर्यंत ती सोडवून आणलेले गाठोडेच आहे. पुढे अमेरिकेत आगगाडीवर हल्ला होतो तेव्हा ती पिस्तूल चालवते. वाचकांना तेच लक्षात राहते. पण तिची खरी करणी शेवटच्या प्रकरणांत आहे. फॉग पैज हरला असे समजून बसलेला असताना लग्नाचा विषय औदाच काढते. दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी पाद्र्याकडे नोकर पाठवला जातो आणि तिथे त्याला कळते की उद्या सोमवार नाही, रविवार आहे. पूर्वेकडे प्रवास केल्याने एक दिवस वाचला, हे त्यातून उलगडते. औदाला काढून टाका, पैज हरलेलीच राहते. पिस्तूल काढून टाकले तर काहीच बिघडत नाही.

अर्थात ही विज्ञान कादंबरी नव्हे, प्रवासाची आहे. विज्ञान कादंबरीचा उगम बहुतेक जण मेरी शेलीच्या ‘फ्रँकेनस्टाइन’मध्ये मानतात. १८१८च्या जानेवारीत ती लेखिकेच्या नावाशिवाय छापली गेली. मेरी तेव्हा वीस वर्षांची होती. त्यातला राक्षस आणि त्याचा निर्माता व्हिक्टर सगळ्यांना माहीत असतात, दुसरी निर्मिती फारशी कुणाच्या ध्यानात राहत नाही. राक्षस स्वतःसाठी जोडीदारीण मागतो. व्हिक्टर कबूल होतो, स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांपैकी एका उजाड बेटावर काम सुरू करतो आणि अर्धवट झालेली ती आकृती स्वतःच्या हातांनी फाडून टाकतो. का? त्याच्या मनात जी कारणे येतात त्यातले एक असे की, ही विचार करणारी असेल, आणि आपण जन्मण्याआधी दोन पुरुषांनी केलेला करार ती कदाचित मानणार नाही. एका बाईने लिहिलेल्या या कादंबरीत पुरुषाच्या हातून बाई मोडली जाते ती तिच्या स्वतंत्र बुद्धीच्या नुसत्या शक्यतेपायी. पुढची शंभरेक वर्षे या प्रकारात कर्त्या बायका का कमी, याचे उत्तर त्या बेटावर बरेचसे मिळते.

ही कोंडी आपल्याकडे फोडली ती बंगालमधल्या रुकैया सखावत हुसेन यांनी. ‘सुलतानाज ड्रीम’ १९०५मध्ये मद्रासच्या ‘द इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये इंग्रजीतून आली. कादंबरी नव्हे, दीर्घकथा. नायिका स्वप्नात एका अशा देशात जाते जिथे पुरुष पडद्याआड, मर्दान्यात आणि बायका बाहेर. हे उलटापालटीचे विनोद म्हणून कुणीही लिहिले असते. रुकैयांनी यंत्रे नीट बसवली आहेत, हे त्यांचे वेगळेपण. स्त्रियांची दोन विद्यापीठे आहेत. एकाने फुगा आणि नळ्यांच्या साह्याने ढगातून थेट पाणी ओढायची सोय केली, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवली. पुरुष त्या वेळी सैन्य वाढवण्यात गुंतले होते आणि या उद्योगाला हसत होते. मग युद्ध झाले, सैन्य हरले. तेव्हा विद्यापीठाची प्राचार्या दोन हजार विद्यार्थिनी घेऊन रणांगणावर गेली आणि साठवलेली उष्णता शत्रूवर सोडली. बायका दिवसाला दोनच तास काम करतात आणि तेवढ्यात सगळे उरकते, याचा हिशेबही कथेत मांडला आहे : पुरुष दिवसाला बारा चिरूट ओढणार, एकेक चिरूट अर्धा तास जळणार, म्हणजे सहा तास धुरातच गेले. खवचट खरे, पण आकडेमोड चोख आहे.

मराठीत याच्या जवळ जाते ते काशीबाई कानिटकरांचे ‘पालखीचा गोंडा’, पुस्तकरूपाने १९२८चे. यंत्रे नाहीत, म्हणून विज्ञान कादंबरी म्हणता येणार नाही. पण संस्थानाचा कारभार बाईच्या हाती आला तर तिथली व्यवस्था कशी बदलेल, हा ‘असे झाले तर?’चा प्रयोग पुरा आहे, आणि विज्ञान कादंबरीचा कणा तोच असतो. होळकरांच्या मुलखातल्या वाचकाला यात अद्भुत काही वाटू नये. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य केले होते. काशीबाईंची नायिका नव्या यंत्राऐवजी नवे नियम करते, एवढाच फरक.

आता एक तुलना मुद्दाम. इंदुरात १९११मध्ये कमला भागवत यांचा जन्म झाला. दुर्गा भागवतांची ही धाकटी बहीण, पुढे कमला सोहोनी. १९३३मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज करायला गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर उमेदवारी, समाधान झाले तरच काम मान्य, अशा अटींवर प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ हे श्वसनाशी निगडित द्रव्य असते, हे त्यांनी दाखवले. चाळीसच पानांच्या प्रबंधावर १९३९मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात.

इंग्रजी विज्ञानकथेतल्या पहिल्या ठसठशीत स्त्री-शास्त्रज्ञांपैकी एक याच्या दोन वर्षे मागून आली. आयझॅक आसिमोव्हची सुसान कॅल्व्हिन मे १९४१च्या कथेत पहिल्यांदा भेटते. ती रोबोंच्या मनाची डॉक्टर. त्या कथेतला हर्बी हा रोबो चुकून मने वाचू लागला आहे. माणसाला इजा करायची नाही, हा त्याचा पहिला नियम. मन दुखावणे हीसुद्धा इजाच, म्हणून तो ज्याला जे ऐकायचे तेच सांगतो. कॅल्व्हिनला तो सांगतो की अमुक सहकाऱ्याचे तुझ्यावर प्रेम आहे. बिचारी लिपस्टिक लावून येऊ लागते. खोटे उघडे पडल्यावर ती हर्बीला असा पेच घालते की उत्तर दिले तरी इजा आणि न दिले तरी इजा. रोबो कोलमडतो. हत्यार म्हणजे तिचे शास्त्र, बाकी काही नाही. कसोटीला ती शंभर टक्के उतरते.

पण एक खोट आसिमोव्हने ठेवलीच : बाई हुशार, म्हणून कोरडी आणि एकटी. पुढची कितीतरी वर्षे विज्ञान कादंबरीत शास्त्रज्ञ बाई आली की हाच साचा. पुरुष शास्त्रज्ञाला बायको, मुले, विसराळूपणा, सगळे चालते. बाईला प्रयोगशाळा किंवा घर यातले एकच. कमलाबाईंनी लग्न केले, मुले वाढवली आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकही झाल्या. वास्तव पुढे आणि कल्पित मागे, असे भविष्याच्या गोष्टींत व्हावे हे जरा गमतीचेच.

साचा मोडला तो १९६० ते १९७५च्या दरम्यान. अर्सुला ल ग्विन यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ १९६९ची. तिथल्या लोकांना कायमचे लिंग नाही, तरी लेखिकेने सगळ्यांना इंग्रजीतले ‘he’ हे पुल्लिंगी सर्वनाम वापरले. त्यावर टीका झाली आणि पुढे त्यांनीही आपली भूमिका बदलली. जोआना रस यांनी १९७५च्या ‘द फीमेल मॅन’मध्ये एकाच बाईची चार जगांतली चार रूपे समोरासमोर बसवली. या काळात जेम्स टिपट्री या नावाने गाजलेला लेखक म्हणजे ॲलिस शेल्डन नावाची बाई, हे १९७७च्या सुमारास उघड झाले. त्याआधी ही लेखणी पुरुषाचीच असणार, असे जाणकारांनी छापूनसुद्धा सांगितले होते.

ऑक्टेव्हिया बटलर यांच्याकडे जास्त थांबावे लागते. ‘किंड्रेड’ १९७९ची. डेना ही काळी तरुणी १९७६च्या कॅलिफोर्नियातून वारंवार गुलामगिरीच्या मेरीलँडमध्ये खेचली जाते. तिथला मळेवाल्याचा गोरा पोरगा तिचाच पूर्वज आहे, त्याला जिवंत ठेवले नाही तर ती जन्मणारच नाही. यंत्र नाही, बटण नाही, जायचे-यायचे तिच्या हातात नाही. शेवटच्या फेरीत तिचा डावा हात भिंतीत अडकून तुटतो. खंबीर म्हणजे अजिंक्य, हा समज इथे निकालात निघतो. ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ १९९३ची, तिची सुरुवात जुलै २०२४ची. पंधरा वर्षांची लॉरेन, मोडकळीला आलेल्या वस्तीत बी-बियाणे आणि गरजेच्या वस्तूंची पिशवी बांधून ठेवते, खाता येणाऱ्या वनस्पतींची पुस्तके वाचते. दुसऱ्याची वेदना तिला स्वतःच्या अंगात जाणवते, त्यामुळे मारामारी करणे तिला परवडत नाही. लेखिकेने नायिकेला दिलेली उणीवच तिला योजना करायला लावते. नवे लिहिणाऱ्यांनी उचलायची युक्ती असेल तर ही.

मराठीत विज्ञानकथा जोमाने वाढली ती मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेपासून. १९७४मध्ये जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आद्याक्षरे उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती लिहून काढली मंगला नारळीकरांनी, ज्या स्वतः गणितज्ञ. टिपट्रीच्या बरोबर उलटा प्रकार. शुभदा गोगटे, माधुरी शानभाग, मेघश्री दळवी अशी नावे नंतर येत गेली. तरी कर्ती नायिका कमीच, आणि त्याचे एक कारण जागेचे आहे. मराठी विज्ञानकथा दिवाळी अंकावर जगली. दहा-बारा पानांत शास्त्र समजावायचे आणि गोष्टही संपवायची. मग कुणीतरी “म्हणजे काय हो?” असे विचारणारे लागते आणि ते काम बायकोच्या किंवा पुतणीच्या गळ्यात पडते. उपाय सोपा आहे : प्रश्न अडाण्याला न देता अडलेल्याला द्यावा. यंत्र बंद पडले आहे आणि का, ते दोघांनाही ठाऊक नाही. असे केले की समजावणे आपोआप वादात बदलते.

दुसरी अडचण व्याकरणाची, आणि ती अनुवादकांना चांगलीच भोवते. इंग्रजीत निवेदकाचे लिंग शेवटपर्यंत लपवता येते. मराठीत ‘मी गेलो’, ‘मी गेले’ असे पहिल्याच वाक्यात पितळ उघडे. लपवायचेच असेल तर सकर्मक भूतकाळ धरावा : ‘मी दार उघडले’, ‘मी आकडे तपासले’. तिथे क्रियापद कर्माकडे बघते. ‘मला वाटले’, ‘मी जाईन’, ‘मी जात असे’ हेही चालते. ‘डॉक्टरांनी यंत्र बंद केले’ यात बाई की पुरुष ते कळत नाही. पुढच्या ओळीत ‘डॉक्टर खुर्चीत बसल्या’ आले की वाचक मागे जाऊन पुन्हा वाचतो. घात होतो तो विसरणे, शिकणे, भेटणे, बोलणे यांपाशी, कारण ती कर्त्याबरोबर चालतात.

ल ग्विनच्या लोकांना ‘ते’ म्हणावे, असे कुणी सुचवील. पण मोठ्या माणसाला नपुंसकलिंग लावले की ‘ते ध्यान’ असा सूर लागतो. त्यातून इंदूरच्या मराठीवर हिंदीची छाया, तिथे ‘पुस्तक’ सुद्धा ‘ती’ होऊन बसते. ॲन लेकी यांच्या २०१३च्या ‘अँसिलरी जस्टिस’मध्ये मात्र मराठीचा फायदा आहे. तिथे सगळ्यांनाच ‘ती’ म्हटले आहे. इंग्रजीत बदलते ते फक्त सर्वनाम. मराठीत ‘दमलेली सैनिक उठली, थांबली, मागे वळली’ असे सगळे वाक्यच स्त्रीलिंगी होते. संवादांत निवेदकाचे लिंग झाकायचे असेल तर ‘म्हणालो’ आणि ‘म्हणाले’ दोन्ही खोडून ‘म्हटले’ लिहावे. मुद्रितशोधक ते सवयीने परत ‘म्हणालो’ करतात, म्हणून समासात तशी सूचना आधीच लिहून ठेवलेली बरी.