वारा कुठून येतो हेही गुपित

दुसऱ्या महायुद्धाच्या आघाड्या अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत पसरल्या होत्या, पण डोक्यावरची हवा कुठलीच सरहद्द मानत नव्हती. साधारण ३० ते ६० अक्षांशांच्या पट्ट्यात हवामान पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेली उबदार हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेला वळते. (हिवाळ्यात काश्मीर-पंजाबात पाऊस आणणारे आपले पश्चिमी विक्षोभ याच वाऱ्यांवर बसून येतात.) म्हणजे आज आयर्लंडवर घोंघावणारं वादळ उद्या-परवा फ्रान्स-जर्मनीवर. दोस्त राष्ट्रांना (ब्रिटन, अमेरिका आणि त्यांचे साथी) ते आधी दिसे. जर्मनीला दारात आल्यावर. साहजिकच हवामानाच्या नोंदी लष्करी गुपित बनल्या.

यावर जर्मनांनी केलेला एक उद्योग मला फार मजेशीर वाटतो. २२ ऑक्टोबर १९४३ रोजी यू-५३७ ही पाणबुडी कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्याला लागली. खलाशांनी तिथे स्वयंचलित हवामान केंद्र उभारलं, त्यावर कॅनडाचं वाटेल असं खोटं नाव रंगवलं, आसपास अमेरिकी सिगारेटची पाकिटं विखुरली आणि पोबारा केला. दर तीन तासांनी रेडिओवरून नोंदी पाठवायच्या, एवढंच त्याचं काम. थोड्याच दिवसांत ते गप्प झालं. कॅनडाला त्याचा उलगडा झाला थेट १९८१ साली!

जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरायला दोस्तांनी ५ जून १९४४ ठरवला होता. ३ जूनला आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, ब्लॅकसॉडच्या टपाल कचेरीत काम करणाऱ्या मॉरीन फ्लॅव्हिनने नेहमीसारखा वायुदाब टिपला. पारा भरभर उतरत होता, म्हणजे वादळ येत होतं. तिचा तो एकविसावा वाढदिवस. ‘आकडा पुन्हा तपासा’ म्हणून इंग्लंडहून फोन आला; तिला कारण कुणी सांगितलं नाही. आयर्लंड युद्धात तटस्थ होता, पण नोंदी ब्रिटनला पोचत होत्या. चढाई एक दिवस पुढे गेली, मग नोंदींत उघडीप दिसली. अशा हवेत कोण येतंय, या हिशोबाने तिथला जर्मन सेनापती रोमेल बायकोच्या वाढदिवसाला घरी गेला होता.

पॅसिफिकमध्ये गंमत वेगळी. जपानच्या तातेनो वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकातच फुगे सोडून नऊ-दहा किलोमीटर उंचीवरचा प्रचंड वेगवान वारा मोजला होता. अहवाल मात्र छापला एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत, आणि बाहेरच्या जगाने तिकडे फारसं पाहिलंच नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये टोकियोवर आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांची त्या जेट स्ट्रीमशी गाठ पडली आणि बॉम्ब भलतीकडेच पडू लागले.

त्याच महिन्यापासून जपानने त्याच वाऱ्यावर बॉम्ब बांधलेले कागदी फुगे अमेरिकेकडे सोडले, सुमारे ९,३००. रात्री गारठ्याने हायड्रोजन आकसून फुगा खाली आला, की वायुदाबावर चालणारी कळ वाळूची पिशवी सोडून देई आणि तो पुन्हा वर चढे. बहुतेक फुगे वाया गेले. ५ मे १९४५ रोजी मात्र अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये अशाच एका फुग्याचा बॉम्ब फुटून सहलीला आलेली एक गरोदर बाई आणि पाच मुलं मेली.

त्याआधी १० मार्चला एक फुगा वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला वीज नेणाऱ्या तारांवर आदळला आणि तिथलं काम थोडा वेळ थांबलं. हॅनफर्डमध्ये अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम बनत होतं. त्याचा बॉम्ब ९ ऑगस्टला जपानच्या कोकुरा शहरावर टाकायचा होता. कोकुरावर ढग आणि धूर दाटला होता. विमान नागासाकीकडे वळलं.