खारफुटी तोडून मलेरिया जात नाही
“खारफुटी म्हणजे डासांचं आगार, तोडली की ताप गेला,” असं खाडीकाठच्या वस्त्यांत वर्षानुवर्षं ऐकू येतं. हे खरं नाही. मुंबईत मलेरिया पसरवणारी ॲनोफिलिस डासाची मादी अंडी घालते ती गच्चीवरच्या उघड्या टाकीत, विहिरीत; डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो कुंडीखालच्या ताटलीत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, टाकलेल्या टायरात. दोघांनाही साचलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. तिवरांत, म्हणजे खारफुटीच्या झाडांत, मात्र दिवसातून दोनदा भरती येते, ओहोटीबरोबर पाणी निघून जातं. खाऱ्या पाण्यात वाढणारे काही डास आहेत, पण ते फोफावतात कुठे? जिथे डेब्रिज टाकून भरतीची वाट अडवली आहे तिथे! त्याच भरावाखाली तिवराची चिखलातून वर आलेली, बोटासारखी श्वासमुळं बुजतात, झाड मरतं आणि कोळंबी, चिंबोऱ्यांची पिल्लं वाढायची जागाही जाते. कोळीवाड्याचं हे थेट नुकसान आहे. शिवाय सार्वजनिक हिताचं काम सोडता खारफुटी तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर बंदी घातली आहे. तेव्हा कोयता बाजूला ठेवा आणि घरातली पिंपं आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही, कारण एडिसची अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात.