उन्हाळी आणि लघवीचं इन्फेक्शन

लघवीला आग होणं, सारखं जावंसं वाटणं पण गेल्यावर चार थेंबच होणं आणि ओटीपोटात दुखणं, ही मूत्राशयाच्या इन्फेक्शनची नेहमीची लक्षणं. ग्वाल्हेरला मे-जूनमधे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा इथल्या लष्कर भागातल्या मराठी घरांत कोणाला आग झाली की "उन्हाळी लागलीय" म्हणून धन्या-जिऱ्याचं पाणी नाहीतर सब्जा सुरू होतो. पाणी कमी पडून लघवी गडद झाली असेल तर एवढ्यानं बरंही वाटतं, पण दुसऱ्या दिवशीही आग तशीच असेल, लघवी गढूळ किंवा लालसर दिसत असेल तर टेस्ट करायलाच हवी.

बहुतेक वेळा कारण ई. कोलाय हा आतड्यातला बॅक्टेरिया. बायकांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंमी आणि पुरुषांची साधारण २० सेंमी, म्हणून बायकांना हा त्रास फार जास्त. त्यात बाड्यावर, म्हणजे इथल्या बाजारात, खरेदीला जायचं तर धड बाथरूम मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही आणि लागली तरी घरी येईपर्यंत दाबून धरायची, ही सवय आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत आहे, ती खरंच सोडायला हवी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मेडिकलवाल्याला सांगून अँटिबायोटिक घेणं, दोन दिवसांत आग थांबली की गोळ्या बंद. वारंवार इन्फेक्शन होत असेल तर पहिल्या गोळीच्या आधी कल्चरला (लॅबमधे जंतू वाढवून बघायच्या टेस्टला) लघवी द्यावी: पहिली धार सोडून मधली धार लॅबच्या डबीत धरायची, झाकणाला आतून बोट लावायचं नाही आणि डबी तास-दोन तासांत पोचवायची. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात पण कुठलं औषध लागू पडेल ते कळतं. साध्या इन्फेक्शनला डॉक्टर बरेचदा नायट्रोफ्युरँटॉइन ५ दिवस किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी देतात. अल्कलायझर (लघवीतलं आम्ल कमी करणाऱ्या) सिरपनं आग कमी होते, जंतू मरत नाहीत.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या म्हणजे इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं असू शकतं, तेव्हा घरी थांबू नये. गरोदर बाईनं आणि शुगरवाल्यांनी तर साध्या आगीलाही लगेच दाखवावं.

पन्नाशीनंतर पुरुषांची धार बारीक होते, रात्री उठावं लागतं, ते बहुधा प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढल्यामुळे, त्यावर टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या आहेत. लघवी अजिबातच होईना आणि पोट फुगलं तर मात्र इमर्जन्सी, रात्र असली तरी जयारोग्य हॉस्पिटलला न्यावं, कॅथेटर (लघवी काढायची नळी) घातला की लगेच आराम पडतो.