साथीच्या आलेखामागचा मुंबईचा प्लेग

कोरोनाच्या दिवसांत चढत्या-उतरत्या आलेखाची ओळख घराघरात झाली. त्यामागचं गणित पहिल्यांदा ज्या आकड्यांवर ताडून पाहिलं गेलं ते मुंबईचे होते, हे मात्र फारसं सांगितलं गेलं नाही.

सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतल्या मांडवीत प्लेगचं निदान केलं. साथरोग कायदा, पुण्यातल्या घरझडत्या, रँडचा वध हे सगळं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. प्लेग त्यानंतरही वर्षानुवर्षं परतत राहिला आणि मृत्यूंची आठवडेवार नोंद होत राहिली.

त्यातला डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ हा तुकडा १९२७ साली एडिनबरातल्या दोघांनी उचलला. विल्यम केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गमावलेले. अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, पूर्वी कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक. मलेरिया हटवायला शेवटचा डास मारावा लागत नाही, डासांची संख्या ठरावीक मर्यादेखाली आणली तरी पुरे, हे मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांचं म्हणणं मॅकेंड्रिकना चांगलंच ठाऊक होतं. ते रॉस यांच्या हाताखाली काम केलेले.

दोघांचा प्रश्न साधा होता : साथ का ओसरते? लागण होण्याजोगं कुणी उरलंच नाही म्हणून? त्यांनी लोकसंख्येचे तीन गट केले : लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि बरे झालेले किंवा दगावलेले. गणितातून निघालं ते असं, की पहिला गट एका मर्यादेपेक्षा लहान झाला की साथ उतरू लागते आणि कित्येकांना न शिवता संपते. एक रुग्ण सरासरी किती जणांना आजार देतो, ही आज सर्रास वापरली जाणारी संख्या याच विचाराच्या कुळातली. जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी ती १९५२मध्ये मलेरियासाठी मांडली.

मुंबईचेच आकडे का? नोंदलेल्या रुग्णांपैकी ८० ते ९० टक्के दगावत, त्यामुळे मृत्यूंवरून साथीचा वेग काढता येई. त्यांच्या समीकरणातून निघालेल्या वक्राशी हे आकडे छान जुळलेही.

पण गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे होतो, माणसाकडून माणसाला क्वचितच. लेखकांना हे माहीत होतं, त्यांनी तसं लिहिलंही. तरी पाठ्यपुस्तकांत वक्र पोचला आणि उंदीर मागे राहिले. मुंबईत प्लेग दरवर्षी ठरावीक ऋतूतच ओसरे. मग १९०६च्या उतारात लागणयोग्य माणसं घटण्याचा वाटा किती आणि उंदीर-पिसवा घटण्याचा किती, हे त्या समीकरणातून कळत नाही.