कल्पित घराणे (ऐतिहासिक कादंबरीतील)

ज्या ऐतिहासिक कादंबरीत राजे, सेनापती आणि वकील कागदोपत्री सापडणारे असतात आणि त्यांच्या आसपास लेखकाने रचलेले एखादे कुटुंब दोन-तीन पिढ्या वावरते, त्या कादंबरीतील अशा कुटुंबाला कल्पित घराणे म्हणता येईल. ते बहुधा कारकून, किल्लेदार, सावकार किंवा विणकर यांचे असते. दरबारात उभे राहता यावे आणि बाजारातही फिरता यावे, असे मधल्या थरातले. युरोपात वॉल्टर स्कॉटने १८१४ पासून ही रीत रुजवली. टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’मध्ये नेपोलियन आणि कुतुझोव खरे, तर रोस्तोव आणि बोल्कोन्स्की ही घराणी रचलेली. मराठीत ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून (१८७१) मानतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चरित्रात्मक कादंबरी पुढे आली, खरा नायकच मध्यभागी बसला आणि सामान्य घराच्या खिडकीतून राज्य पाहण्याची सवय कमी झाली. हे नुकसानच झाले.

नागपूरच्या वाचकाला या प्रकाराची ओढ वाटावी, असा या शहराचा इतिहास आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने शहर वसवले. पुढे भोसले आले, पण त्यांनी गोंड राजाची गादी नावापुरती राखली. त्यामुळे गोंड, मराठे, कोष्टी, कायस्थ कारकून आणि अरब शिपाई एकाच शहरात नांदले. राज्यकर्त्यांच्या हालचाली बखरीत आणि रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या, अहवालांत नोंदल्या गेल्या. बाकीच्यांच्या घरात काय चालले होते, ते फारसे कुणी लिहिले नाही. कल्पित घराणे नेमके या मोकळ्या जागेत राहते.

१८१७ हे वर्ष घ्यावे. फेब्रुवारीत नागपूरचे राजे परसोजी भोसले मरण पावले आणि गादी अप्पासाहेबांकडे आली. २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. १६ डिसेंबरला अप्पासाहेब इंग्रजांच्या छावणीत गेले, तरी शहरातल्या अरबांनी हत्यार ठेवले नाही. २४ डिसेंबरचा जुम्मा दरवाजावरचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला आणि ३० डिसेंबरला अटी ठरवूनच शहर सोडले. सेनाधिकाऱ्यांच्या खलित्यांत तोफा आहेत, जखमींचे आकडे आहेत. महाल या जुन्या वस्तीतल्या एखाद्या घरात त्या दोन आठवड्यांत पीठ किती उरले होते, बाळंतिणीला कुठे हलवले, अरबांना घरात घ्यावे की दार लावावे यावरून सासू-सुनेत काय बोलणे झाले, हे कुठेच नाही. ते लेखकाने रचावे आणि वाचकाने निःशंक मनाने स्वीकारावे. मात्र ३० तारीख त्याने हलवू नये.

वाचताना खरी ओढ लागते ती याच घराची. अप्पासाहेब पदच्युत होणार, पळणार आणि १८४० मध्ये जोधपूरला मरणार, हे इतिहास वाचलेल्याला ठाऊक असते. कारकुनाच्या मुलीचे काय होणार, हे कुणालाच ठाऊक नसते.

जाणता वाचक आणखी एक गोष्ट तपासतो: पात्राला त्या दिवशी किती कळू शकले असते? परसोजींचा मृत्यू आधी नैसर्गिक म्हणून सांगितला गेला; खुनाचा उलगडा नंतर झाला. म्हणून फेब्रुवारीतला कल्पित कारकून कुजबुजू शकतो, रात्री झोप उडून बसू शकतो, पण अप्पासाहेबांवर ठाम आरोप करू लागला तर तो पुढचा इतिहास वाचून आलेला असतो. अशा ठिकाणी कादंबरी फसते, मग भाषा कितीही ठसकेबाज असो.

लोकस्मृतीही निवाडे करते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिरवणुकीने निघणाऱ्या काळ्या मारबतीचा, म्हणजे त्या पुतळ्याचा, संबंध बाकाबाईशी जोडतात. इंग्रजांशी हातमिळवणी केल्याचा राग त्यामागे सांगितला जातो. दुसऱ्या रघूजींची ही विधवा, लहान वयाच्या तिसऱ्या रघूजींसाठी कारभार पाहणारी. तिच्या वाड्यातली एखादी रचलेली दासी वाचकाला तिच्या अडचणी जवळून दाखवू शकते, आणि तिला निर्दोष ठरवण्याची गरजही पडत नाही. माझ्या मते नागपूरच्या इतिहासात कादंबरीकाराला यापेक्षा समृद्ध विषय मिळणे कठीण.

सोबतीला काशीराव राजेश्वर गुप्ते यांची भोसल्यांची बखर, रेसिडेंट जेंकिन्सचा १८२७ चा अहवाल आणि या. मा. काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ ठेवावा, पण कादंबरी एकदा वाचून झाल्यावर. आधीच पडताळत बसले तर घराणे जिवंत होत नाही. जुम्मा दरवाजा आज गांधी गेट म्हणून महालात उभा आहे आणि रोज पाहता येतो; सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे असल्याने ठरलेल्या दिवशीच खुला होतो.

कल्पित घराण्याला आडनाव देणे येथे नाजूक काम ठरते. भोसल्यांच्या दरबारातल्या हुद्द्यांवरून आलेली आडनावे शहरात अजून नांदतात. रचलेल्या फितुराला असे आडनाव दिले तर खऱ्या घराला विनाकारण डाग लागतो. म्हणून उमरेड किंवा रामटेक अशा गावावरून पाडलेले आडनाव बरे. त्यातून ते घर शहरात कुठल्या वाटेने आले, तेही कळते.